उंटावर कोणी नाही

अरबस्तान पुण्याहून दोन तासांवर आहे. नगर रस्त्याने सुप्यापर्यंत जायचं आणि कारखान्यांच्या शेडी संपल्या की आत वळायचं. हे ज्ञान मला गेल्या उन्हाळ्यात झालं आणि ते मिळवताना माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. तिथे जायची वेळ तुमच्यापैकी कोणावर येऊ नये, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवते.

मी शाळांसाठी माहितीपट करते. वीस-वीस मिनिटांचे, वर्गात दाखवायचे. एका संस्थेने जगातल्या धर्मांवर मालिका करायला सांगितली होती. बाकीचे भाग झाले आणि इस्लामच्या उगमाचा तेवढा उरला. उरला म्हणजे कोणी हात लावेना म्हणून उरला. बाकी सगळ्यांची चित्रं मिळतात, मूर्ती मिळतात, भिंतीवरची कॅलेंडरं मिळतात. पैगंबर दाखवायचे नाहीत. चेहरा नाही, हात नाही, सावली नाही, आवाजसुद्धा नाही. मग वीस मिनिटं पडद्यावर दाखवायचं काय, माझं कपाळ?

शेवटी एक प्रसंग सापडला. पैगंबर मक्का सोडून मदिनेला येतात. प्रत्येक घर म्हणतं, आमच्याकडे उतरा. ते म्हणतात, सांडणीचा दोर सोडा, ती बसेल तिथे मी राहीन. सांडणी आपल्या मनाने चालत जाते आणि एका जागी बसते. बस्स! यात माणूस दाखवायची गरजच नाही. एक उंट, थोडं माळरान, चार मातीच्या भिंती. मी स्वतःवर इतकी खूश झाले की संस्थेतल्या साहेबांना लगेच फोन केला.

साहेब म्हणाले, "छान आहे हो मेधाताई, पण मुलं कंटाळतील. निदान एक पाठमोरी आकृती घ्या. पांढरी शाल पांघरलेली, लांबून. कुणाला काय कळतंय?"

मी म्हटलं, "बघते."

हे 'बघते' माझं जुनं दुखणं आहे. ना धड हो, ना धड नाही. पांढरी शाल मी पिशवीत टाकली आणि पिशवी गाडीच्या मागच्या सीटखाली ढकलली.

काष्टी

गाडीत आम्ही तिघं. कॅमेरा आणि स्टिअरिंग दोन्ही सांभाळणारा सचिन, मी, आणि परांजपे सर. सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, संस्थेने सल्लागार म्हणून माझ्या गळ्यात बांधलेले. विद्वान माणूस, शंकाच नाही. पण माझ्या संहितेत त्यांनी प्रत्येक वाक्यापुढे 'असे मानले जाते' घातलं होतं. पैगंबर अनाथ होते असे मानले जाते. ते व्यापार करीत असे मानले जाते. सातवीच्या पोरांना हे ऐकवलं असतं तर दुसऱ्या मिनिटाला निम्मा वर्ग झोपला असता, असे मी तरी मानते.

आधी काष्टीला गेलो, कारण निवेदनाचा आवाज काष्टीला राहत होता. इनामदार गुरुजी. स्वतः मुसलमान, तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा आवाज मी एका कार्यक्रमात ऐकला होता आणि तेव्हाच ठरवलं होतं की हा भाग सांगेल तर हा माणूस. संहिता त्यांनी दोनदा तपासून दिली होती, लाल पेनाने, शुद्धलेखनाच्या चुकांवरही खुणा करून.

नेमका बाजाराचा दिवस निघाला. गाडी अर्धा तास बैल आणि शेळ्यांच्या मधोमध उभी. एका म्हशीने खिडकीतून तोंड घालून परांजपे सरांचा नकाशा चाटला. सर तिला "हे, हे" म्हणत होते. म्हशीला 'हे' म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

गुरुजींच्या घरी मात्र जीव निवला. सर शाकाहारी आहेत हे कळल्यावर भाभींनी हुलग्याची शेंगोळी केली होती, लसणाची झणझणीत फोडणी देऊन, सोबत बाजरीची भाकरी. सर घाम पुसत तीन वाट्या जेवले. पुण्यात आम्ही पाहुण्याला "आणखी घेता का?" असं विचारतो. इथे भाभी विचारतच नव्हत्या, सरळ वाढत होत्या.

आणि जेवता जेवता सरांनी सुरुवात केली. "गुरुजी, राग मानू नका, पण पहिलं चरित्र आपल्या हाती येतं ते शंभर-सव्वाशे वर्षांनंतरचं. त्या काळात मक्का खरंच मोठी पेठ होती का, यावरसुद्धा अभ्यासकांचं एकमत नाही. सुरुवातीचे अनुयायी स्वतःला नुसतं 'श्रद्धावंत' म्हणवीत, वेगळा धर्म म्हणून रेघ नंतर पडली, असंही काही जण मांडतात."

मी मनात म्हटलं, झालं! आता आवाजही गेला आणि शेंगोळीही गेली.

गुरुजी शांतपणे भाकरी मोडत होते. "सर, माझ्या आजोबांची जन्मतारीख कुठंच लिहिलेली नाही. शाळेच्या दाखल्यावरची अंदाजाने टाकलेली. म्हणून माझे आजोबा झालेच नाहीत असं म्हणाल का?"

"छे छे, झालेच की! प्रश्न तपशिलांचा आहे."

"मग तपशिलांवर भांडू. ते श्रद्धावंतांचं मला माहीत नव्हतं. पुस्तक असेल तर पाठवा. पण प्रत्येक वाक्याला 'असे मानले जाते' मी वाचणार नाही. धड्याच्या सुरुवातीला एकदा सांगू, पोरं शहाणी असतात."

सर मुकाट्याने 'हो' म्हणाले. तीन महिने मी जे म्हणत होते ते गुरुजींनी दोन वाक्यांत करून घेतलं. मला आनंद व्हायला हवा होता, झाला संताप.

गुरुजी आमच्याबरोबर चित्रीकरणाला येणार होते. निघताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, एक सांगून ठेवतो. गेल्या शुक्रवारी नमाजेनंतर जमातीत विषय निघाला. गुरुजी सिनेमात आहेत, पैगंबर दाखवणार आहेत, असं कोणीतरी पसरवलं होतं. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो. सांगितलं, माणूस दिसणार नाही, सावलीसुद्धा नाही, ही माझी जबान. सत्तर वर्षं या गावात काढली. जबान फिरवायची वेळ अजून आलेली नाही."

"हो हो, अर्थात," मी म्हणाले. शाल ते बसणार होते त्याच सीटखाली होती.

शनिशिंगणापूर

सबंध जिल्ह्यात भाड्याने मिळणारा उंट कुठे असेल? जिथे यात्रेकरूंची पोरं असतात तिथे. बबनराव नावाच्या गृहस्थांचा उंट शिंगणापुरात मुलांना फेरी मारून आणतो, असा शोध सचिनने लावला होता. दुसऱ्या दिवशी तिकडे निघालो. वाटेवर रसवंत्यांच्या रांगा, बैल फिरतोय, घुंगरं वाजतायत. दोन ग्लास रस पिऊन मी जरा माणसात आले.

बबनरावांचं घर सापडलं, बबनराव सापडेनात. बरं, तिथल्या रीतीप्रमाणे घराला दार नाही, त्यामुळे कडी वाजवायचीही सोय नाही. चौकटीत उभं राहून मी "कोणी आहे का" असं दहा वेळा ओरडले. पुण्यात बेल वाजवली की आतून भोकातून बघतात आणि उघडत नाहीत. इथे सगळं घर उघडं आणि आत चिटपाखरू नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, "जावा की आत, बसा. येतील त्ये." अनोळखी घरात शिरून बसायला काही माझं धाडस झालं नाही. तासभर उन्हात उभी राहिले. परांजपे सर आणि गुरुजी आत जाऊन, पाणी पिऊन, पंख्याखाली बसले होते.

बबनराव आले, सोबत उंटही आला. नाव राजा. उंच, दिमाखदार, पापण्या नटीसारख्या. मी खूश! मग राजा वळला. त्याच्या दोन्ही मांड्यांवर केस कातरून ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'जय शनिदेव'.

"हे काय आहे?" मी किंचाळले.

"परवाच काढून घेतलं," बबनराव अभिमानाने म्हणाले. "तुमी पिक्चर काढनार म्हनून. भारी दिसतंय का न्हाई?"

सातव्या शतकातल्या मदिनेत देवनागरी! मी कपाळाला हात लावला. गुरुजी रुमालात तोंड लपवून हसत होते. परांजपे सरांनी उंटाला पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि गंभीरपणे म्हणाले, "शिवाय हा नर आहे. ती सांडणी होती."

"सर," मी म्हणाले, "असे मानले जाते."

शेवटी गोणपाट शिवून झूल करायची, म्हणजे अक्षरं झाकली जातील, असं ठरलं. राजाला टेम्पोत चढवण्यात जी दोन तास झटापट झाली ती मी इथे लिहीत नाही. लिहिली तर माझं ब्लडप्रेशर पुन्हा वाढेल.

सुप्याच्या आतला माळ

तिसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. जागा मात्र अप्रतिम होती. पिवळं गवत, उघडे खडक, मातीच्या भिंतींची पाच-सहा घरांची वाडी. एका बाजूला पवनचक्क्या गरगरत होत्या, दुसऱ्या बाजूला लांब शेडी चमकत होत्या. त्यांच्या मधली एवढीशी पट्टी म्हणजे आमचं अरबस्तान. कॅमेरा वीतभर हलला की चौदाशे वर्षं ओलांडून आपण एमआयडीसीत.

वाडीतल्या हिराबाई पहिल्यांदा पुढे आल्या. साठीच्या, कासोटा घातलेल्या, आवाज खणखणीत. त्यांच्याकडे मी प्यायला पाणी मागितलं आणि मागून लाज वाटली, कारण ओट्यावर पिंपं रिकामी होती. "टँकर चौथ्या दिशी येतो," त्या म्हणाल्या. "आज तिसरा. पर प्या की, पान्याला न्हाई म्हनत्यात व्हय?" आमच्या गाडीत बाटल्यांचा खोका होता, तो मी काढला. त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, पाहुण्याचं पाणी पाहुण्याला.

मग उंटाकडे बोट करून विचारलं, "ह्याच्यावर कोन बसनार हाय?"

गुरुजींनी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. प्रत्येक घराने बोलावलं, दोर सोडला, बसेल तिथे उतरायचं. "पण उंटावर कोणी दिसणार नाही, मावशी. ज्यांची गोष्ट आहे त्यांना आमच्यात दाखवत नाहीत."

"दिसनार न्हाईत," हिराबाई म्हणाल्या, "पर येनार हायेत ना?"

"गोष्टीत येणार आहेत."

"मग झालं की. कुनाच्या दारात बसनार?"

"ते उंटाने ठरवायचं."

उंट काही ठरवेना. दोर सोडला की राजा जागच्या जागी उभा. बबनराव पुढे चालले की मागे चालायचा, ते बाजूला झाले की थांबायचा. दुपारपासून अकरा वेळा घेतलं. बसायचं तर नावच नाही.

"ह्यो तसा बसत न्हाई बाई," बबनरावांनी चौथ्या तासाला माहिती दिली. "गिऱ्हाईक जवळ उभं राह्यलं की बसतो. गिऱ्हाईक न्हाई तर कशापायी बसंल?"

हे आधी सांगता येत नव्हतं? शिंगणापुरात? टेम्पोत चढवण्याआधी? मी टोपी जमिनीवर आपटली. ऊन उतरायला लागलं होतं आणि फोनवर साहेबांचा निरोप येऊन पडला होता, 'पाठमोरा शॉट झाला का?'

तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "असरची वेळ झाली, नमाज पढून येतो," आणि पडक्या भिंतीमागे गेले. माझ्या हिशेबाने हाताशी दहा मिनिटं होती.

मी म्हटलं, "सचिन, सीटखालची शाल काढ."

सचिन कुजबुजला, "ताई, गुरुजींना..."

"गुरुजी यायच्या आत होईल. पाठमोरा उभा रहा, उंट बसेल, संपलं. कॅमेरा मी बघते."

आश्चर्य म्हणजे परांजपे सर मध्ये पडले. "मेधा, हे करू नका. मी पुरावे मागतो, ते निराळं. या माणसाला तुम्ही शब्द दिलाय."

"सर, तुम्ही कृपा करून गप्प बसा!" मी ओरडले. सकाळपासूनचा सगळा राग त्यांच्यावर निघाला. सचिनने शाल पांघरली, जाऊन उंटाशेजारी उभा राहिला, आणि राजा लगेच गुडघे मोडून सुरेख बसला. सोनेरी ऊन, पांढरी शाल, शांत उंट. इतका देखणा शॉट मी वर्षात घेतला नव्हता.

प्रवासात नमाज निम्मी पढतात. हे मला माहीत नव्हतं. तीन महिने इस्लामवर वाचत होते, आणि हे माहीत नव्हतं. मी मान वर केली तर गुरुजी भिंतीपाशी उभे, टोपी हातात.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी मला भांडता येतं.

"घ्या शॉट," ते म्हणाले. "काम तुमचं आहे, मी आडवा येणार नाही. माझा आवाज तेवढा घालू नका. आणि काष्टीत गेल्यावर मी लोकांना काय सांगायचं, ते मात्र तुम्ही मला सांगा. मला सुचत नाही."

साहेबांचं कारण, उंटाचं कारण, उजेडाचं कारण, सगळी कारणं तयार होती आणि एकही उच्चारायच्या लायकीचं नव्हतं. शरम वाटली हो, दुसरं काय! मी सचिनला शॉट पुसायला सांगितला. त्याने गुरुजींना दाखवून पुसला. गुरुजींनी तिकडे पाहिलं नाही. ते जाऊन एका दगडावर बसले.

"आवरा," मी म्हटलं. बबनरावांनी राजाला उठवलं, दोर काढला आणि टेम्पोची फळी लावायला गेले. सचिनने उरलेल्या उजेडात माळाचं एखादं दृश्य मिळावं म्हणून कॅमेरा चालू ठेवला होता.

तेवढ्यात हिराबाई घरातून आल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा आणि कुंकवाचा करंडा. आमच्यात काय बिनसलंय याचा त्यांना पत्ता नव्हता. गोष्ट ऐकल्यापासून त्यांची तयारी चालली होती. लांबून पाहुणा येतोय, दारात उतरायचा म्हणजे पायावर पाणी नको? तुकडा ओवाळायला नको?

गुरुजी धडपडत उठले. "मावशी, कुंकू नको. आमच्यात पूजा चालत नाही."

"बरं, कुंकू न्हाई," त्यांनी करंडा कमरेला खोवला. "पानी चालतंय का?"

गुरुजी म्हणाले, "पाणी चालतं."

हिराबाईंनी उंटाच्या रिकाम्या पाठीकडे वर बघून भाकरतुकडा ओवाळला, लांब टाकला आणि सगळा तांब्या राजाच्या पायांपुढे ओतला. मग पदर सारखा करून म्हणाल्या, "यावं. घर ल्हान हाय." आणि मागे वळून न बघता घराकडे चालू लागल्या.

राजाने ओल्या मातीचा वास घेतला. पाय उचलला. दोर नाही, बबनराव नाहीत, एकटा त्यांच्या मागोमाग डुलत गेला आणि हिराबाईंच्या अंगणात, उंबऱ्यासमोर, आधी पुढचे गुडघे, मग मागचे, असा बसला.

"आयला!" टेम्पोपासून बबनराव ओरडले. "गिऱ्हाईक न्हाई न काय न्हाई, बसला कसा ह्यो?"

सचिन कॅमेऱ्यामागून नुसती मान हलवत होता, मिळालं, मिळालं म्हणून. गुरुजींचे ओठ हलत होते, ते काहीतरी पुटपुटत होते. आणि त्याच क्षणी गोणपाटाची शिवण उसवली, झूल घसरली, आणि राजाच्या मांडीवर, कॅमेऱ्याच्या थेट समोर, उतरत्या उन्हात अक्षरं झळकली. जय शनिदेव.

मी खालीच बसले. आधी गुरुजींच्या हसण्याचा आवाज आला. पोट धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. ते हसू आहे की आणखी काही, हे मला कळलं नाही. विचारायचं तोंडही नव्हतं.

पुणे

साहेबांना मी पहिल्यांदा 'बघते' न म्हणता 'नाही' म्हटलं. त्यांनी तो भाग मालिकेतून काढून टाकला. तीन दिवसांची धावपळ, एक उंट, सगळं पाण्यात. गुरुजींना मी माफीचं लांबलचक पत्र पाठवलं. उत्तरात एवढंच आलं, 'उंटाची फीत मोबाईलवर पाठवा.' पाठवली. पुढचा आठवडाभर फोन वाजला की मी आधी नाव बघायची, मग उचलायची.

शनिवारी त्यांचा फोन आला. "काल नमाजेनंतर जमातीला सगळं सांगितलं, मॅडम. शालीचंही सांगितलं."

"शालीचं कशाला गुरुजी? शॉट तर पुसला होता."

"जबान दिली होती ना. लपवून कशी चालेल? लोक चिडले, खोटं कशाला सांगू. तुमच्यावर चिडले, माझ्यावर जास्त चिडले. मग म्हटलं, आता हे बघा, आणि फीत लावली. एवढ्याशा मोबाईलवर सगळे वाकून बघत होते. शेवटी मौलानांनी विचारलं."

"काय विचारलं?" मी विचारलं. ती अक्षरं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

"म्हणाले, त्या बाईंनी पाणी कुठलं ओतलं? तिकडे तर दुष्काळ आहे. मी सांगितलं, टँकरचं. चौथ्या दिवशी येतो, तो तिसरा दिवस होता."

"मग?"

"मग काही नाही. म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून लावा."